समोरून लावलेली बटणं

आमच्या वन्संनी उभ्या आयुष्यात कुणाचं तोंड म्हणून पाहिलेलं नाही. त्या हात बघतात. मला बघायला आलेल्या मंडळींत त्या होत्या, तेव्हा जेमतेम सोळा-सतराच्या. बाकीचे माझा रंग, उंची, चालणं असलं काय काय पारखत होते आणि ह्या बाईंची नजर माझ्या हातातल्या पोह्यांच्या बशीवर. म्हणजे बशी धरलेल्या बोटांवर. घरी जाऊन भावाला म्हणाल्या म्हणे, मुलगी चांगली आहे, फक्त करंगळी कामाला लावत नाही. पुढे मी पन्नास वर्षं संसार केला, दोन मुलं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं, ह्यांच्या आजारपणात ह्यांना दोन वर्षं भरवलं, पण वन्संच्या लेखी माझी करंगळी अजून बसूनच खाते आहे. माणसं त्यांच्या ध्यानात राहतात तीसुद्धा हातांवरून. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले सेक्रेटरी त्यांना नावानं कळत नाहीत, 'ते आखूड अंगठ्याचे' म्हटलं की कळतात. मागे एकदा छातीत दुखलं म्हणून वन्संना डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर त्यांची नाडी बघतायत आणि ह्या डॉक्टरांची पेन धरायची पद्धत. बाहेर आल्यावर आजाराचं राहिलं बाजूला, मला म्हणाल्या, "लहानपणी कुणी लक्ष दिलेलं नाही हो त्यांच्याकडे."

आता हे खूळ आलं कुठून, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून. लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्या बारीकशा कॉइलवर तांब्याची तार गुंडाळायच्या, केसाहून बारीक तार, दिवसाला शेकड्यांनी कॉइल. तार तुटली की पगारात कापायचे, म्हणून बोटांना डोळे फुटले असं त्या म्हणतात. कारखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. बरोबरीच्या बायका कुणी पापडाला लागल्या, कुणी पोरं सांभाळायला. ह्या वर्तकनगरातल्या विशेष मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून लागल्या. काम काय, तर मुलांना शू-शीला नेणं, डबे उघडून देणं, नाकं पुसणं. पण वन्सं डबे उघडून देईनात. मूल डब्याशी झटतंय, रडतंय, आणि ह्या शेजारी मांडी घालून त्याच्या बोटांकडे टक लावून बसलेल्या. पहिल्याच आठवड्यात दोन आयांनी तक्रार केली की मुलं उपाशी घरी येतात. महिन्याभरात त्याच दोघींच्या मुलांनी घरी जाऊन साखरेपासून मिठापर्यंत सगळे डबे उघडून ठेवले, तेव्हा त्या तक्रार घेऊन परत आल्या, वेगळी.

शाळेत एक डिग्रीवाली थेरपिस्ट मुलगी आहे, गुणी पोर. ती ह्या सगळ्याला फाइन मोटर स्किल्स म्हणते. वन्सं चिमूट म्हणतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं एकत्र आली की झाली चिमूट. वन्संचं सगळं तत्त्वज्ञान त्यात मावतं. मला एकदा त्यांनी समजावलं होतं, लसूण सोलता सोलता. "वहिनी, नाडी बांधता आली, बटण लावता आलं, घास उचलता आला, की माणूस कुणाचा मिंधा नाही. लिहिणं-वाचणं नंतर. अब्रू आधी."

लसूण सोलता सोलता म्हटलं, कारण त्यांच्या घरी फुकट चहा कुणाला मिळत नाही. तुम्ही पाटावर टेकलात की पुढ्यात ताटली येते. राजमा आणि वाटाणे एकत्र केलेले, वेगळे करा. किंवा गुंतलेला दोरा, सोडवा. माझ्या सुनेच्या वडिलांना, पहिल्यांदाच आलेल्या माणसाला, नटबोल्टांचा डबा दिला होता वन्संनी. ते बिचारे बँकेतून रिटायर झालेले, अर्धा तास बोल्टांना नट लावत बसले आणि जाताना मला हळूच विचारलं, ताईंची तब्येत बरी असते ना. पिशवीत म्हणाल तर कपड्यांचे चिमटे, मणी, जुनी कुलपं, चेन बिघडलेल्या पर्सा. आणि वेल्क्रोशी तर उभं वैर. लहान मुलांच्या बुटांना ते चर्रकन उघडणारं वेल्क्रो दिसलं की ह्या रस्त्यात थांबतात, आणि अनोळखी आईला सांगतात की तुम्ही ह्याची दहा बोटं वाया घालवताय. दोन-तीनदा उलट ऐकूनही घेतलंय, पण थांबायचं नाव नाही.

हे गेले तेव्हा आमच्या घरी चार दिवस माणसांची रीघ होती. ज्यानं त्यानं यायचं, माझ्याकडे बघून रडायचं, मग मी रडायचं. तिसऱ्या दिवशी वन्सं ठाण्याला जाऊन परत आल्या त्या भिजवून मोड आणलेले वाल घेऊन. पातेलंभर. भेटायला आलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात मूठमूठ वाल टाकले आणि म्हणाल्या, रडा, पण सोलत रडा. सख्खा भाऊ गेला होता त्यांचा, डोळे सुजलेले. आम्ही सगळे सालं काढत रडलो. तुम्हाला विचित्र वाटेल, मलाही वाटलं, पण त्या दिवसांत मला शुद्ध राहिली ती त्या वालांमुळे. बोटं चालली की जीव फार खोल जात नाही, एवढं मी त्यांच्याकडून शिकले. शाळा सातवीपर्यंतच झालेली माझी, बाकी सगळं अशांकडूनच शिकलेली आहे मी.

आणि पोरांना काय अडतं ते कळावं म्हणून स्वतःवर प्रयोग. कधी दोन बोटं चिकटपट्टीनं बांधून घेतील, कधी जाड लोकरी हातमोजे. माझ्या नातवाच्या मुंजीत ह्या हातमोजे घालून पंगतीला बसल्या. मे महिना. वाढपी श्रीखंड वाढून पुढे गेला आणि परत वळून बघत राहिला. मी लाजेनं अर्धी झाले. वन्संनी सगळं जेवण संपवलं, मोजे उलटे करून पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, पोरं कंटाळून ताट का ढकलतात ते आज कळलं.

तर अशा ह्या बाईंच्या हातून एक चूक झाली, तीच सांगायला मी बसले आहे.

मनाली म्हणून एक मुलगी. शाळेतून वयानं बाहेर पडलेली, एकोणीस वर्षांची, अंगानं थोराड, बोलणं दोन-चार शब्दांचं. बाप केव्हाच सोडून गेलेला. आई वर्तकनगरातच चार घरी पोळ्या लाटायची. त्या आईला कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी फार तर वर्ष सांगितलं. तिनं रडणंबिडणं उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीची सोय बघायला लागली. खडवलीला अशा मुलींची एक राहण्याची संस्था आहे असं कुणी सांगितलं, तिकडे जाऊन आली. चांगली माणसं, स्वच्छ जागा, मागे भेंडी-वांगी लावलेली. अट एकच. तीस मुलींमागे दोन बायका, तेव्हा मुलीला आपलं आपण जेवता, धुता आणि कपडे घालता आले पाहिजेत. तिथल्या मुली पुढून पाच बटणांचा कुर्ता घालतात. मनालीला जेवता येत होतं, आंघोळ येत होती. बटणं येत नव्हती. आजवर आईनं तिला डोक्यावरून घालायचेच कपडे घेतलेले, सकाळच्या घाईत तेच सोपं.

आई शाळेत आली आणि वन्संना म्हणाली, "ताई, मला फक्त पाच बटणं द्या. बाकी मी बघते."

झालं, वन्संना दुसरं काही सुचेना. शाळा सुटली की मनाली त्यांच्या खोलीवर. सुरुवात पुरीएवढ्या बटणापासून, वहाणेच्या पट्ट्यात सुरीनं पाडलेल्या फटीतून नाणं सरकवण्यापासून. त्यांची पद्धत उलटी असते, शेवटचं आधी. बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवायच्या आणि मनालीनं नुसतं ओढायचं. ओढलं की 'झालं' म्हणायचं. ते जमलं की पाव बाहेर. असं मागे मागे येत. 'झालं' हा शब्द त्या पोरीनं इतका उचलला की आईनं चहा दिला तरी झालं, पोळी करपली तरी झालं.

ह्या शिकवण्यात खरं म्हणजे मुलाच्या मागे बसायचं असतं. मागून दोन्ही बाजूंनी आपले हात पुढे घ्यायचे, म्हणजे आपली बोटं आणि त्याची बोटं एकाच दिशेनं चालतात. पण मनालीला पाठीमागे कुणी खपायचं नाही. कुणी मागे गेलं की किंचाळायची, भिंतीला पाठ लावून बसायची. थेरपिस्ट मुलीचं म्हणणं, आधी ती भीती घालवू, वेळ लागेल. वन्संना वेळच नव्हता. आईचा चेहरा दर आठवड्याला उतरत होता. म्हणून त्यांनी युक्ती काढली आणि मला फोन करून ह्यांचे शर्ट मागितले.

शर्ट का, ते त्यांनी फोनवर मोठ्या ऐटीत समजावलं. पुरुषांच्या शर्टाची बटणं त्यांच्या उजव्या अंगाला असतात, बायकांच्या कपड्यांची डाव्या. बरोबर? आता पुरुषाचा शर्ट घालून मी मनालीच्या समोर उभी राहिले, की तिला बटणं डावीकडे दिसणार, म्हणजे तिच्या स्वतःच्या कुर्त्याला असतील त्याच बाजूला. समोर उभं राहूनही डाव्या-उजव्याचा घोटाळा नाही. मला हे समजायला आरशापुढे उभं राहावं लागलं, पण समजलं तेव्हा मी थक्क झाले. ह्यांचे पाच शर्ट इस्त्री करून पाठवले. कपाट उघडायला मला दोन दिवस लागले होते, तो भाग निराळा.

तेव्हापासून वन्सं साडीवर ह्यांचा शर्ट घालून हिंडायला लागल्या. ह्यांचा तो निळ्या रेघांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली सहावारी. भाजीवाल्यानं विचारलं, मावशी, आज काय ड्युटी? वॉचमननं तर एकदा सलाम ठोकला. वन्संना कसली फिकीर नाही. रस्त्यात मनाली भेटली की तिथेच उभ्या, शर्टाची बटणं काढायची आणि म्हणायचं, लाव. मनाली जीभ बाहेर काढून, एकेक बटण, वरून खाली. सात महिन्यांत तिच्या हाताला अशी सफाई आली की मी बघायला गेले तेव्हा तिनं न विचारता माझ्या स्वेटरची बटणंसुद्धा लावून टाकली. उकडत असतं तर मी तो काढून टाकला असता, पण थंडी होती, आणि त्या पोरीच्या तोंडावर जे काही होतं ते मला मोडवेना.

खडवलीला आम्ही चौघी गेलो, त्या दोघी मायलेकी, वन्सं आणि मी. संस्थेच्या बाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मनालीला नवा कुर्ता दिला, तिनं बाह्यांत हात घातले, छान. मग खाली बघितलं. आणि तिचे हात थांबले.

काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, वन्संना कळलं. मी त्यांच्या शेजारी होते, त्यांनी माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की नंतर वळ दिसला. समोरच्याचं बटण आपल्याकडे बघत असतं. स्वतःच्या अंगावरचं बटण बाहेर, जगाकडे बघतं. ते वरून नीट दिसतच नाही, मनगट आत वळवावं लागतं, अंगठा कुठून येतो ते सगळं निराळं. डावं-उजवं वन्संनी बरोबर धरलं होतं, उलटं-सुलटं राहिलं. सात महिने त्या पोरीनं, स्वतःच्या अंगावर एकदाही न लावता, दुसऱ्याला कपडे घालायला शिकून घेतलं होतं. वन्संना वाटलं होतं, कारखान्यातल्या मुलींची बोटं एकदा शिकली की आपोआप वळायची, तशी हिचीही वळतील. मनालीची वळली नाहीत.

पंधरा मिनिटं त्या बाई घड्याळ न बघता बसल्या, चांगुलपणा त्यांचा. मनाली कुर्त्याच्या कडा धरून उभी. मग ती तशीच, पुढून उघडा कुर्ता घेऊन, आईकडे गेली. आईनं त्या दिवशी पुढून बटणांचा झगा घातला होता, कारण हात वर जाईनासे झाले होते, आणि त्याचं एक बटण सुटलं होतं. मनालीनं ते लावलं. मग पटकन, न चुकता, बाकीची तपासून पाहिली. "झालं," म्हणाली.

बाईंनी डोळे पुसले. पण त्या म्हणाल्या, ताई, मी हिला घेतली तर हिचं रोज कोण करणार, दोनच बायका आहेत माझ्याकडे. सहा महिन्यांनी पुन्हा आणा. सहा महिने आईकडे नव्हते, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मनालीलाही असेल, काय सांगावं.

परतताना आई एकदाच बोलली. ती वन्संना म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, कुणी एवढं तरी केलंय का आमचं. त्या दिवसापासून आमच्या वन्सं हसायच्या म्हणून हसतात.

पुढे दोन महिन्यांत आई अंथरुणाला खिळली. मनाली रोज सकाळी तिचा झगा बदलायची, पाचही बटणं लावायची, संध्याकाळी पुन्हा. शेजारच्या बायका कौतुक करायच्या. मी गेले तेव्हा आईनं मला जवळ बसवून सांगितलं, "आजी, मला माझ्या आईनंसुद्धा आठवतं तेव्हापासून कधी कपडे घातले नव्हते हो. आता ही घालते." मी हे वन्संना सांगितलं. म्हटलं, बघा, तुमची चूकसुद्धा कुणाच्या कामी आली. माझा हेतू चांगला होता. वन्संनी हातातली ताटली खाली ठेवली.

"वहिनी, असं गोड करू नका. तिनं पाच बटणं मागितली होती. मी दुसरीच दिली."

आई गेली त्या दुपारी घरात माणसं भरली होती. मनाली भिंतीला पाठ लावून बसलेली, रडत नव्हती, नुसती कपड्याच्या कडा धरून. वन्सं तिच्याकडे गेल्या. पातेलं नाही, वाल नाही, रिकाम्या हातांनी. पोरीला जरा पुढे सरकवलं आणि भिंतीच्या आणि तिच्या मध्ये बसल्या. आम्ही सगळे किंकाळीची वाट बघत राहिलो. मनालीनं मान मागे टाकली, वन्संच्या खांद्यावर.

आता ती कल्याणला मामाकडे असते. मामी वाईट नाही, उगाच कशाला बोल लावू. तिला सातला घर सोडायचं असतं, ती म्हणते, ताई, हिची पाच बटणं लागेपर्यंत माझी बस जाते. म्हणून पुन्हा डोक्यावरून घालायचे टी-शर्ट, इलॅस्टिकची विजार. पण मामा-मामींना स्वतःची दोन मुलं, दोन खोल्या, आणि मामांनी स्पष्ट सांगितलंय की फार वर्षं आम्हाला झेपणार नाही, खडवलीचं बघा. म्हणून मंगळवार-शनिवार वन्सं ठाण्याहून कल्याणला जातात. मनालीच्या मागे बसतात, दोन्ही बाजूंनी हात पुढे घेतात, आणि बायकांचा कुर्ता, खरा, पाच बटणांचा. पहिल्या बटणाला चार महिने गेले. जुनं विसरायला लावून नवं शिकवायचं म्हणजे कोऱ्या पाटीपेक्षा कठीण. दुसऱ्याला तीन. तिसरं गेल्या महिन्यात लागलं. खडवलीच्या बाई फोनवर आणा म्हणतात, जागेचं मात्र वचन देत नाहीत.

परवाच्या शनिवारी मी सोबत गेले होते. मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि वन्संना डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत. उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या कठडा धरून थांबल्या. ओठ पांढरे पडले होते. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग राहवलं नाही आणि विचारलं, वन्सं, किती दिवस हे असं.

त्यांनी श्वास येऊ दिला.

"दोन राहिलीत," म्हणाल्या.

मी मनात महिने मोजायला लागले, त्यांचं वय धरून, आणि अर्ध्यातच सोडून दिलं.

"तुम्ही व्हा पुढे. मी येते सावकाश."

मी पुढे झाले नाही. दोन पायऱ्या खाली उतरून तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले, पदरानं तोंड पुसत, जसं काही दम मलाच लागलाय.